दहा मिनिटं मला उभं करून नाडी मोजा

प्रति,
छातीत धडधडतं म्हणून आलेल्या रुग्णाला तपासणाऱ्या सर्व डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

माझी फाइल आता 41 कागदांची झाली आहे. परवा रात्री झोप येईना, म्हणून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली. ईसीजी नॉर्मल, टू-डी इको नॉर्मल, रक्त नॉर्मल, होल्टर (24 तास ठोके नोंदवणारं यंत्र) नॉर्मल. मधेच एक कागद कोरा निघाला. तो मुळात कोरा नव्हता. 14 महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी मला तातडीने दवाखान्यात नेलं, तेव्हा काढलेला तो ईसीजी. त्यावर ठोके मिनिटाला 138 होते. ईसीजीचा कागद उष्णतेने छापला जातो. उजेडात, उबेत किंवा प्लास्टिकच्या पाकिटात राहिला की त्यावरच्या रेघा हळूहळू उडून जातात, म्हणून त्याची झेरॉक्स किंवा फोटो काढून ठेवायचा असतो. हे मला कुणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही. माझ्या बाजूने बोलणारा एकुलता एक कागद असा पांढरा झाला. उरलेले 40 मला काही झालेलं नाही असंच सांगतात.

मी शाळेत शिकवते. वय 34. आठवडाभराच्या तापातून उठले आणि हे सुरू झालं. पडून असले की नाडी 75च्या आसपास असते. उठून उभी राहिले की काही मिनिटांत ती 115, 120 होते. फळ्यावर वरच्या ओळी लिहायला हात उचलला की आणखी. कानात ठोके ऐकू येतात, पाय आपले नसल्यासारखे वाटतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि खुर्चीत बसले की पाच मिनिटांत सगळं ओसरतं. पूर्वी सलग तीन तास उभी राहून शिकवायचे. आता बसून शिकवते. पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, तुमचे पाय दुखतात का?" मी हो म्हणाले. पाय दुखणं समजावून सांगायला सोपं.

या काळात मी सहा डॉक्टरांना भेटले. त्यांच्यापैकी कुणी उर्मट नव्हतं, कुणी अडाणी तर नव्हतंच. बेशुद्ध पडता का, छातीत दुखतं का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का, हे प्रश्न सहाही जणांनी विचारले. मी तिन्हींना नाही म्हणाले. हो म्हणाले असते तर तासाभरात दाखल करून घेतलं असतं, याबद्दल मला शंका नाही. जिवाला धोका आहे का, हे तुम्ही आधी पाहता आणि ते चोख पाहता. माझं म्हणणं त्यानंतरचं आहे. धोका नाही असं ठरलं, की तुमच्या लेखी प्रश्न संपतो. माझा तिथून सुरू होतो.

म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: मला त्रास होतो उभी असताना आणि तुम्ही मला मोजलंत झोपवून.

ईसीजी घ्या. दहा इलेक्ट्रोड, बारा लीड (म्हणजे हृदयाकडे बारा बाजूंनी पाहणाऱ्या नोंदी), कागदावर उतरतात ते सुमारे 10 सेकंद. दिवसात 86,400 सेकंद असतात. त्यातले 10, तेही पंख्याखाली, पाठीवर पडून, श्वास स्थिर झाल्यावर. घरात धिंगाणा घालणारं मूल पाहुण्यांपुढे हात जोडून बसावं, तसं माझं हृदय त्या 10 सेकंदांत वागलं. शांत वेळचा ईसीजी निरुपयोगी असतो असं मी म्हणत नाही. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी 1930 साली ज्याचं वर्णन केलं, तो जन्मजात जादा विद्युतमार्ग पुष्कळदा अशा शांत ईसीजीतच दिसतो. माझ्यात तो नाही. ठीक. म्हणजे एक शक्यता खोडली गेली. पण खोडलेल्या शक्यतेपुढे 'नॉर्मल' असं लिहिलं, की वाचणाऱ्याला वाटतं सगळ्याच शक्यता खोडल्या.

इको झाला. इको हृदयाचे कप्पे, झडपा आणि पंप करण्याची ताकद दाखवतो. माझं हृदय बांध्याने उत्तम आहे, याचा मला आनंद आहे, पण घराच्या भिंती भक्कम असल्या म्हणून वायरिंगचा प्रश्न सुटत नाही. मग ट्रेडमिल. 220 वजा वय म्हणजे 186, त्याचे 85 टक्के म्हणजे 158. हे लक्ष्य मी पहिल्या तीन मिनिटांच्या टप्प्यातच गाठलं, जेव्हा पट्टा अजून चालण्याच्याच वेगाने फिरत होता. रिपोर्ट आला: 'टेस्ट निगेटिव्ह'. त्या चाचणीत मुख्यतः शोधायचं होतं ते हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतं का, आणि ते पडत नव्हतं. उत्तर बरोबरच होतं, फक्त ते दुसऱ्या प्रश्नाचं होतं. साधं चालताना हिचे ठोके तीन मिनिटांत 158 कसे झाले, असं त्या खोलीत कुणीच मोठ्याने म्हटलं नाही. टेक्निशियनने फक्त पट्टा थांबवताना माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्याला कळलं होतं. पण निष्कर्ष लिहिणं त्याचं काम नव्हतं.

होल्टरबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण त्यात माझाही वाटा आहे. 24 तास गळ्यात यंत्र, छातीवर चिकटपट्ट्या. मी त्या दिवशी शाळेतून रजा घेतली. यंत्र सांभाळायला हवं, मुलांत धक्का लागेल, म्हणून दिवसभर घरी लोळून काढला. यंत्र परत केलं, रिपोर्ट आला, सरासरी ठोके 79. लक्षणं लिहायला एक छापील कार्ड दिलं होतं. ते कशासाठी आहे हे कुणी सांगितलं नाही, म्हणून मी ते कोरंच परत दिलं.

नंतर वाचनात आलं की हे यंत्र ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो नॉर्मन होल्टर डॉक्टर नव्हताच, पदार्थविज्ञानाचा माणूस होता. त्याचं पहिलं यंत्र सुमारे 38 किलोचं होतं आणि ते पाठीवर बांधावं लागे. 1961 साली त्याने 'सायन्स' नियतकालिकात जो लेख लिहिला, त्याचा सगळा भर माणूस हालचाल करत असताना, त्याच्या रोजच्या कामात असताना हृदयाची नोंद घेता येते यावर होता. त्या माणसाने पाठीवर एवढं ओझं वाहिलं ते रुग्णाला खाटेवरून उठवण्यासाठी. आणि मी त्याचं बिल्ल्याएवढं झालेलं यंत्र गळ्यात घालून दिवसभर गादीवर पडून राहिले. मला कुणी एवढंच सांगायला हवं होतं: 'बाई, उद्या शाळेत जा. जिने चढा. ज्याने त्रास होतो ते सगळं करा आणि वेळ लिहून ठेवा.'

चौथ्या डॉक्टरांकडे मला नाव मिळालं. बसल्या-बसल्या ठोके 108 आले होते, नवा ईसीजी काढला, आणि केसपेपरवर त्यांनी लिहिलं, 'सायनस टॅकिकार्डिया'. घरी येताना मी खूश होते. नाव असलेल्या आजाराला औषध असतं, अशी माझी समजूत. मग अर्थ शोधला. टॅकिस म्हणजे वेगवान, कार्डिया म्हणजे हृदय, दोन्ही ग्रीक. सायनस म्हणजे हृदयाच्या उजव्या कर्णिकेतल्या, म्हणजे वरच्या कप्प्यातल्या, त्या गाठीपासून, जिथून ठोके निघायला हवेत तिथूनच ते निघत आहेत एवढंच. मी म्हणाले होते, "डॉक्टर, माझं हृदय जोरात धावतं," आणि त्यांनी लिहून दिलं होतं की तुमचं हृदय जोरात धावतं. माझी तक्रार मलाच ग्रीकमध्ये परत मिळाली. तापाच्या रुग्णाला 'ताप' असं निदान लिहून देणारा डॉक्टर तुम्ही चालवून घ्याल का? ताप का आला, हे शोधायचं असतं. इथेही तेच. सायनस टॅकिकार्डिया ही खूण आहे. तिच्यामागे वाढलेलं थायरॉइड असेल, कमी झालेलं रक्त असेल, शरीरात पाणी कमी असेल, कुठे दडलेला संसर्ग असेल, गर्भारपण असेल, फुप्फुसात अडकलेली गुठळी असेल, एखादं औषध असेल, आणि क्वचित मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतली अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्यं सोडणारी गाठही असेल. माझं थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पाहिलं गेलं. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन पाहिलं गेलं नाही. हिमोग्लोबिन जागेवर असतानाही साठा रिकामा असू शकतो, हे मला एका पॅथॉलॉजीत काम करणाऱ्या मैत्रिणीने सांगितलं.

मग गोळी आली. बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोक्यांचा वेग कमी करणारी. तिला नावं ठेवणार नाही. अनेकांना तिने बरं केलं आहे आणि कधी कधी लक्षणावर उपचार करणं हाच शहाणपणा असतो. तीन दिवसांत पडल्या-पडल्या नाडी 60 झाली आणि पुढच्या भेटीत सगळे समाधानी दिसले. समाधानी नव्हते ते माझे पाय. उभं राहिल्यावर ठोके 95 व्हायचे, पण अंधारी तशीच. आकडा झाकला गेला आणि आकड्याबरोबर प्रश्नही. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते असंच काहीसं. शिवाय ही गोळी सुरू असताना कुठलीही चाचणी केली तर उत्तर गोळीचं येतं, माझं येत नाही. ती बंद करण्याआधी मी डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनी सांगितलं तशी थोडी थोडी कमी केली. हे मुद्दाम लिहिते, कारण ही गोळी एका दिवसात सोडली तर ठोके उलट उसळतात, आणि हे पत्र वाचून कुणी तसं करू नये.

आता चिंतेबद्दल.

पाचव्या भेटीत केसपेपरवर 'अँग्झायटी' लिहिलं गेलं. सहाव्या डॉक्टरांनी माझी नाडी धरण्याआधी तो शब्द वाचला. मी हे त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यानंतर मी काय सांगत होते ते ते ऐकत होते, पण उत्तर आधीच ठरलेल्या माणसासारखं. "रिपोर्ट सगळे छान आहेत. टेन्शन घेऊ नका. थोडं फिरायला जात जा." फिरायला जाता येत नाही, म्हणूनच तर मी आले होते.

मला चिंता आहे का? आहे. कारणाशिवाय ज्याचं हृदय 120ने धावतं आणि ज्याला कुणी कारण सांगत नाही, त्याला चिंता नसेल तर त्याचीच तपासणी करायला हवी. चिंतेने ठोके वाढतात हे खरं आहे, अ‍ॅड्रिनलिन खरं आहे, आणि घबराटीचा आजार हा खराखुरा आजार आहे, त्याला कमी लेखण्याचा माझा अजिबात हेतू नाही. तो असेल तर मला त्याचे उपचार हवेत. पण तोही निदान करूनच ठरवायचा असतो. बाकीचं काही सापडलं नाही म्हणून उरलेल्या जागेत भरायचा तो शब्द नव्हे. आधी काय येतं, भीती की धडधड, हे मला एकदाही विचारलं गेलं नाही. माझ्या बाबतीत आधी मी उभी राहते. मग धडधड. मग, कधी कधी, भीती.

ही माझी एकटीची कुरकुर नाही. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 107 रुग्ण होते. त्या सगळ्यांना हृदयाच्या विद्युतमार्गातल्या दोषामुळे अचानक ठोके वाढण्याचा आजार होता, ज्याला तुम्ही एसव्हीटी म्हणता. लक्षणांची यादी पुढे ठेवली तर त्यांच्यातले 67 टक्के जण घबराटीच्या आजाराच्या निकषांतही बसत होते. पहिल्या तपासणीत निम्म्याहून अधिकांचा खरा आजार सुटला होता, आणि अशा सुटलेल्यांपैकी 54 टक्क्यांना घबराट, चिंता किंवा ताण हेच कारण सांगण्यात आलं होतं. पुरुषांपेक्षा बायकांना ते जास्त वेळा सांगण्यात आलं होतं. हे शेवटचं वाचून माझ्या घरातल्या कुणालाच आश्चर्य वाटलं नाही.

त्याहून जुनी एक गोष्ट आहे, ती मला जास्त लागली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात जेकब डा कोस्टा नावाच्या डॉक्टरापुढे असे सैनिक येऊ लागले, ज्यांचं हृदय थोड्या श्रमाने धावे, छाती दुखे, चक्कर येई आणि तपासलं तर हृदयात काही सापडत नसे. पुष्कळांचं हे दुखणं ताप किंवा जुलाबाच्या आजारातून उठल्यावर सुरू झालेलं होतं. त्याने अशा सुमारे 300 सैनिकांच्या नोंदी केल्या आणि 1871 साली त्या छापल्या. त्याच्याकडे ईसीजी नव्हता. आइंटहोव्हेनचं ईसीजीचं यंत्र यायला अजून तीस वर्षं होती. त्याच्याकडे बोटं होती आणि घड्याळ होतं. तेवढ्यावर त्याने पाहिलं, की शरीराची स्थिती बदलली की या माणसांची नाडी झपाट्याने बदलते. पडलेल्या माणसाची वेगळी, उभ्या माणसाची वेगळी. त्याने सैनिकाला उभं केलं आणि मोजलं! पुढे या दुखण्याला सैनिकी हृदय म्हटलं गेलं, श्रमाचा आजार म्हटलं गेलं, आणि रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत डा कोस्टाचं नाव सापडतं ते मानसिक विकारांच्या प्रकरणात. दीडशे वर्षांत यंत्रं आली, नावं बदलली, पण उभं करून मोजण्याची साधी रीत तेवढी वाटेत कुठेतरी पडली. सगळीकडे नाही. पण माझ्या सहा भेटींत पडली.

उभं राहिल्यावर शरीरात काय होतं हे तुम्हाला मी सांगणं म्हणजे सूर्याला काजवा दाखवणं. पण हे खुलं पत्र आहे, माझ्यासारखे रुग्णही वाचतील, म्हणून लिहिते. उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. मानेतल्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात, ती लगेच मेंदूला वर्दी देतात. पायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, ठोके दहा-वीसने वाढतात, आणि निरोगी माणसाला यातलं काहीही कळत नाही. हृदयाच्या त्या गाठीला मोकळं सोडलं तर ती मिनिटाला 100च्या आसपास ठोके देईल. व्हेगस ही चेता लगाम खेचून तिला 70वर ठेवते. म्हणजे वेग वाढायला घोड्याला टाच तरी बसावी लागते, नाहीतर लगाम तरी सुटावा लागतो, आणि कधी कधी घोडा आपल्या मनानेच उधळतो. यातलं माझ्यात काय होतं आहे, एवढाच माझा प्रश्न आहे.

तो प्रश्न ऐकून घेणारं एक माणूस मला भेटलं. सहाव्या भेटीत, मुख्य डॉक्टरांच्या आधी, एका शिकाऊ डॉक्टर मुलीने माझी माहिती लिहून घेतली. तिने विचारलं, "धडधड सुरू कशी होते? दिव्याचं बटण दाबल्यासारखी, की पाणी तापत गेल्यासारखी?" मी म्हणाले, पाण्यासारखी. "आणि थांबताना?" तशीच, हळूहळू. मग ती म्हणाली, "टेबलावर बोटाने वाजवून दाखवा." मी डोळे मिटून वाजवून दाखवलं. टकटकटकटक, एका लयीत, मधे ठोका न चुकवता. ती काही वेळ ऐकत राहिली आणि तिने लिहून घेतलं. नंतर मला समजलं की त्या दोन मिनिटांत तिने केवढं काम केलं होतं. बटणासारखी सुरू होऊन बटणासारखी थांबणारी, 150 ते 220ने धावणारी धडधड एसव्हीटीकडे बोट दाखवते, वेडीवाकडी लय एट्रियल फिब्रिलेशनकडे (हृदयाचे वरचे कप्पे विस्कळीत फडफडतात तो आजार), आणि हळूहळू चढणारी, हळूहळू उतरणारी लय सायनसकडे. तिच्या कागदावरचं पुढे कुणी वाचलं की नाही, माहीत नाही. माझ्या फायलीतला तो एकच कागद असा आहे, ज्यावर 'नॉर्मल' लिहिलेलं नाही.

त्यानंतर मी घरी मोजायला सुरुवात केली. मनगटावरचं घड्याळ नको, ते हिरवा प्रकाश टाकून कातडीखालचं रक्त मोजतं आणि हात हलला की फसतं. माझे घड्याळाचे आकडे तुम्ही बाजूला सारलेत ते मला पटलं. म्हणून बोटांनी मोजलं आणि दंडाला बांधायचं बीपीचं यंत्र शेजारच्यांकडून आणलं. पाच सकाळी, अंथरुणातून उठण्याआधी, दहा मिनिटं पडून. मग उभं राहून, न हलता, न बोलता, जवळ नवऱ्याला उभं करून. एका सकाळचे आकडे असे: पडून 74. उभं राहिल्यावर पहिल्या मिनिटाला 104, तिसऱ्याला 112, पाचव्याला 117, दहाव्याला 119. बीपी पडून 112/72, शेवटी 116/80, म्हणजे पडलं नाही. पाच दिवसांतली सगळ्यात कमी वाढ 33, सगळ्यात जास्त 47.

तुम्हाला हे आकडे काय म्हणतात ते माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मोठ्या माणसात उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत ठोके 30 किंवा जास्त वाढले, 12 ते 19 वयात 40, रक्तदाब पडला नाही, त्रास तीन महिन्यांहून जुना असला आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर त्याला पोस्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम, थोडक्यात पॉट्स, म्हणतात. हे नाव 1993 पासून रुळलं आहे. त्याचा एक शेजारी आहे, इनअ‍ॅप्रोप्रिएट सायनस टॅकिकार्डिया. त्यात बसल्या जागी 100च्या वर आणि 24 तासांची सरासरी 90च्या वर असते. (इनअ‍ॅप्रोप्रिएट म्हणजे अनुचित. हृदयाने औचित्यभंग केला म्हणून त्याच्यावर नोटीस बजावल्यासारखं ते नाव आहे.) मला पॉट्स आहे असं मी म्हणत नाही. 'दुसरं कारण सापडलं नाही तर' ही अट मी घरी बसून पूर्ण करू शकत नाही. फेरिटिन कमी निघालं तर माझे सगळे आकडे वेगळा अर्थ सांगतील. म्हणूनच मला डॉक्टर हवा आहे. स्वतःचं निदान स्वतः करायची हौस मला नाही, वेळ तर मुळीच नाही.

तुमची अडचण मला दिसते. बाहेर रांग असते, एका रुग्णाला जेमतेम सात-आठ मिनिटं, आणि त्यात कुणाला दहा मिनिटं उभं करून ठेवायचं? पण ती दहा मिनिटं तुमची नाहीत. पडून बीपी घेणारी सिस्टर उभं करूनही घेऊ शकते. बाहेरच्या बाकाशेजारी, भिंतीला टेकून, हातात घड्याळ. मी स्वतः मोजायला तयार आहे, खोटं वाटत असेल तर कुणीतरी समोर उभं राहा. त्यासाठी यंत्र लागत नाही, इंजेक्शन लागत नाही, रिपोर्टची वाट पाहावी लागत नाही. टिल्ट टेबल, म्हणजे रुग्णाला बांधून उभं करणारं टेबल, असेल तर उत्तमच, पण ते नसणं हे न मोजण्याचं कारण होऊ शकत नाही.

आणि मोजून, शोधून, सगळं करून कारण सापडलं नाहीच, तर तसं लिहा. 'कारण अद्याप कळलेलं नाही.' या चार शब्दांनी तुमची शान जात नाही आणि माझ्या पुढच्या डॉक्टरसाठी दार उघडं राहतं. 'अँग्झायटी' लिहिलं की ते दार लागतं, आणि ते लावलं आहे हे मला सोडून कुणाच्या लक्षातही येत नाही. मला खोटा दिलासा नको. नाव नसलेल्या दुखण्यासकट मी शाळेत जातेच आहे. शोध चालू आहे एवढं माहीत असलं तर पाय ओढत का होईना जाता येतं.

माझी पुढची भेट येत्या गुरुवारी आहे. डॉक्टर वेगळे आहेत, सातवे. या वेळी मी रजा घेतलेली नाही. शेवटचा तास संपवून सरळ येईन. कोरा ईसीजी घेऊन येईन, घरचे आकडे एका कागदावर, एकाच, लिहून आणेन. आत बोलावल्यावर तुम्ही सवयीने समोरची खुर्ची दाखवाल. मी थोडा वेळ बसणार नाही. कृपया गैरसमज करून घेऊ नये.

आपली,
एक रुग्ण

ता. क. — एक गोष्ट वर लिहायची राहिली, खरं तर टाळली. पहिल्या चारही डॉक्टरांनी विचारलं होतं, "कुठली औषधं चालू आहेत?" मी चारही वेळा "काही नाही" म्हणाले. त्या वेळी मी नाक मोकळं करायची सर्दीची गोळी जवळजवळ रोज घेत होते. सर्दीची गोळी म्हणजे औषध, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. तिच्यात स्यूडोएफेड्रिन होतं आणि ते ठोके वाढवतं. गोळी बंद करून दोन महिने झाले, धडधड थोडी कमी झाली, गेली नाही. वरचे घरचे आकडे त्यानंतरचे आहेत. पण त्या चार केसपेपरांवर तिचा उल्लेख नाही, तो माझ्यामुळे नाही. तेवढं त्या चौघांच्या खात्यातून वजा करावं.